माणसाचं वजन

होड्या किनाऱ्यावर ओढून घेतल्या की आमच्या आचऱ्यात माणसं एकमेकांकडे जास्त बघायला लागतात. एरवी सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे असतं. कोणाची होडी आली, काय मिळालं, बाजारात आधी कोण पोचलं. मासेमारीची बंदी लागली की नुसतं पाणीच उरतं, आणि नुसत्या पाण्याकडे माणूस किती वेळ बघणार? मग कोणाच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, कोणाची मोटरसायकल उभी आहे, कोणाच्या घरातून तळल्याचा वास येतोय, कोणाची सून सकाळीच कुठे निघाली, हे सगळं डोळ्यांत भरायला लागतं.

परवा पुन्हा बंदी लागली. होड्या झावळ्यांनी आणि निळ्या प्लास्टिकने शाकारून झाल्या. हवेत ओल्या सुंभाचा आणि सुकटीचा वास आहे. मी पडवीत बसून लोखंडी बारांना खोबरेल चोळत होते. पावसाळ्यात इथली खारी हवा लोखंड खाते. दोन दिवस हात फिरवला नाही की तांबूस पूड निघते. ती पूड बोटांना लागली आणि माझा इथला पहिला पावसाळा आठवला. त्या पावसाळ्यात मला प्रत्येकाचा संशय येत होता आणि प्रत्येकाला माझा.

मी लोकांना ताकद कमवायला शिकवते. पुण्यातल्या एका जिममध्ये बरीच वर्षं ट्रेनर होते. ती जिम बंद पडली, त्याच सुमाराला नितीनची, माझ्या नवऱ्याची, बदली कुडाळच्या ऑफिसात झाली आणि आम्ही त्याच्या घरी आचऱ्याला येऊन राहिलो. येताना मी दोन बार, थोड्या प्लेटा आणि मूठ असलेले काही लोखंडी गोळे घेऊन आले. टेम्पोतून सामान उतरताना बघायला अर्धी वाडी जमली होती. “शिलाईची मशीन असतली,” असं कोणीतरी म्हणालं. बार बाहेर निघाला आणि सगळे गप्प झाले. त्या गप्प होण्यात काय होतं ते मला पुढचे कित्येक दिवस कळत राहिलं.

मी नितीनच्या भावकीतल्या दिनेशभावजींचा मांगर भाड्याने घेतला. गवत, जाळी, शेतीची अवजारं ठेवायला घरापासून जरा बाजूला बांधतात तो मांगर. दिनेशभावजी मालवणात राहतात, पर्यटकांना खोल्या देतात. मांगर रिकामा पडला होता. भिंतींना अजून जुन्या जाळ्यांचा वास होता आणि कौलांतून एक-दोन ठिकाणी उजेड खाली यायचा. मला तो फार आवडला.

आधी आली ती मुलं. पोलीस भरतीची तयारी करणारी, दंड फुगवून फोटो काढणारी. त्यांना आरसा हवा होता, मोठ्याने लावलेली गाणी हवी होती. शिवाय बाईकडून शिकायचं म्हणून मित्रांत चेष्टा व्हायची. मालवणात एक चकचकीत जिम निघाली आणि ती सगळी तिकडे गेली. मांगरात मी, दोन बार आणि पावसाचा आवाज.

तेवढ्यात बंदी लागली आणि मासे विकणाऱ्या बायका रिकाम्या झाल्या. सुनीता पहिली आली. वाडीतली सगळ्यात खणखणीत आवाजाची बाई, डोक्यावर टोपली घेऊन दारोदार मासे विकणारी. “गुडघे दुखतत,” म्हणाली. “तू काय ता करतंस त्येना बरा होता काय?” तिच्यामागून आणखी चार-पाच जणी आल्या. बारला मात्र कोणी हात लावेना. लोखंड उचललं की अंग खाली येतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. डोक्यावरून बर्फासकट टोपल्या वाहणाऱ्या बायका, पण लोखंडाला घाबरत होत्या.

मग मी बार भिंतीला टेकवून ठेवला. पुण्यात शिकलेलं सगळं पुन्हा कामाला लावलं, फक्त त्याचे कपडे बदलले. जमिनीवरून बार उचलतात, तसं वाळू भरलेलं पोतं उचलायचं. पाठ सरळ, पोतं अंगाजवळ, जोर पायांचा. खांद्यावर बार घेऊन बसून उठतात, त्याऐवजी छातीशी कळशी धरून पाटावर बसायचं आणि उठायचं. ताकद वाढवायची एकच रीत असते, जमतंय तेवढ्यावर थोडंसं अधिक. ते थोडंसं मी करवंटीने मोजायचे. आज जमलं, तर पुढच्या वेळी पोत्यात एक करवंटी वाळू जास्त. बायकांना ही मापं पटली. सुनीता तर वाटेत ओरडून सांगायची, “आज माझी करवंटी वाढली गो!”

हे ओरडणं आमच्या अंगाशी आलं. मांगराचं दार पावसामुळे ओढून घेतलेलं, आत बायका, बाहेर आवाज नुसते धापांचे आणि हसण्याचे. सुनीताचा नवरा एकदा काहीतरी शोधत असल्याचं दाखवत बराच वेळ खळ्यात फिरत राहिला. कोणी मला थांबवून विचारायचं, नवरा कुडाळात आणि तू हकडे, सगळा बरा आसा मा? माझी धाकटी जाऊ सहज विचारल्यासारखं विचारायची की पुण्याची जिम बंद पडली की पाडली. मी उत्तरं द्यायचे आणि घरी येऊन विचार करत बसायचे, हिला नक्की काय हवं होतं?

आणि मग इंदूकाकी येऊ लागली.

इंदूकाकी म्हणजे दिनेशभावजींची आई. मांगराच्या मागे, माडांच्या पलीकडे तिचं घर. तिचे यजमान एके काळचे मोठे तांडेल. होडीवर तांडेल म्हणेल ते चालतं. त्यांच्या आवाजाला अख्खा किनारा वचकून असे, असं नितीन सांगायचा. त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता एवढं मला ठाऊक होतं. “माणूस ठेवलाय. सगळं व्यवस्थित आहे,” असं दिनेशभावजींनी मांगर देताना सांगितलं होतं. पण त्या घराची पुढची खिडकी कायम बंद असायची. झटक्यानंतर काकांना कोणी पाहिलं नव्हतं.

काकी यायची, दारातल्या पायरीवर बसायची आणि बघायची. बारीक चणीची बाई, साठी उलटलेली, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घेतलेला.

“काकी, तू पण ये ना,” मी पहिल्या दिवशी सासरी उचललेल्या मालवणीत म्हटलं. “थंय बसान काय करतंस?”

“माका काय करूचा नाय. मी बघूक इलंय.”

“काय बघूक?”

“बघूक म्हंजे बघूक.”

ती बायकांच्या तोंडाकडे बघतच नसे. पायांकडे बघायची, कंबरेकडे, पोतं उचलताना पावलं कुठे पडतात तिकडे. पापणी न हलवता. तिची नजर पाठीवर असली की सुनीतासुद्धा गप्प व्हायची. एकदा सगळ्या निघाल्यावर काकी मागे थांबली आणि पोत्याला पायाने ढोसत म्हणाली, “ह्येचा वजन कितक्या?”

“पंधरा किलो.”

“आणि माणसाचा कितक्या असता?”

“कोणाचा?”

“खंयच्याय. बापयाचा. उंच्यापुऱ्या बापयाचा.”

“पुरुषाचा सत्तर, ऐंशी. कित्याक गो?”

ती पायरी उतरली, मग मागे वळली. “आणि त्येणा आंग सोडल्यान तर? मगे जास्त जड होता काय?”

दुसऱ्या दिवशी मी सुनीताला हे सांगितलं, सांगायला नको होतं. “हिचा काय खरा नाय,” सुनीता म्हणाली. “घोव घरात, खिडकी बंद, आणि ही माणसांची वजना इचारता!” दुपारपर्यंत ते वाडीभर झालं असणार.

त्याच आठवड्यात दिनेशभावजींचा फोन आला. दिनेशभावजींची एक खूण आहे. घरगुती बोलायचं असलं की ते मालवणी बोलतात, मनात काही असलं की शुद्ध मराठी. त्या दिवशी शुद्ध मराठी होती.

“वहिनी, परवा कुडाळहून दोन नवीन बायका आल्या होत्या ना? चांगलं आहे. वाढतंय म्हणायचं काम.”

त्या दोघी आल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं. फोन ठेवला आणि मला काकीची पायरीवरची बैठक आठवली. म्हणजे हेरगिरी. आईला दारात बसवायचं आणि मुलाने मालवणात बसून हिशेब करायचा. एरवीच्या गोष्टीही मग जुळायला लागल्या. मध्यंतरी एक अनोळखी माणूस छत्री सावरत मांगराच्या मागच्या भिंतीला टेप लावून मोजत होता. मी विचारल्यावर “बाथरूमचा बघतंय” म्हणाला आणि निघून गेला. मांगराला बाथरूम कशाला हवं?

मी सावध झाले. काकी आली की कमी बोलायचे. नव्या बायकांना तिच्यासमोर नावाने हाक मारायची नाही, गाव विचारायचं नाही. वजनाचा हिशेब हळू आवाजात. नितीन म्हणाला, “तुला हल्ली सगळ्यांचाच संशय येतो.” मी म्हटलं, “सगळ्यांना माझा येतो, त्याचं काय?” कुळथाच्या पिठीला मिठाचा कण नव्हता त्या दिवशी, आणि तेही त्याने बोलून दाखवलं नाही.

शेवटी मी ठरवलं की काकीला तोंडावर विचारायचं. सकाळचे वर्ग झाले होते, पाऊस थांबला होता, माडांवरून थेंब गळत होते. मी मागच्या वाटेने तिच्या घराकडे गेले. मागचं दार लोटलेलं होतं. आतून जड काहीतरी जमिनीवरून घासल्याचा आवाज आला, मग काकीचा दबका आवाज. “वायच... वायच... अवो, पाय लावा हो.” पुन्हा तो घासल्याचा आवाज.

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते लिहायला बरं वाटत नाही. मी दार ढकललं. काकी आतून पुढे आली आणि फटीत उभी राहिली. केस सुटलेले, लुगड्याचा काष्टा खोचलेला, कपाळावर घाम.

“भायर रव.”

“काकी, काय झाला?”

“काय नाय. तू जा.”

“माणूस खंय आसा? दिनेशभावजींनी ठेवललो तो?”

ती किती सांगावं याचा अंदाज घेत असावी. “तो शिमग्यापासून येणा नाय,” ती शेवटी म्हणाली. “ह्ये त्येच्या अंगार ओरडले. गेलो तो. दिनेशाक म्हायत नाय, आणि तू सांगूचा नाय.”

“कित्याक पण?”

“सांगलंय तर तो ह्यांका खंयतरी नेऊन ठेवतलो. थंय मालवणाच्या पुढे तसली जागा आसा म्हणता. चार चार म्हातारे एका खोलयेत. माका मालवणात आपल्याकडे घेतलो. आणि ह्या घराचे खोलये करतलो.”

मी विचारायला आले होते ते विचारूनच टाकलं. “तू त्येका आमच्याबद्दल सांगतंस ना?”

“सांगतंय,” ती म्हणाली. तिने मानसुद्धा वळवली नाही. “तोच धाडता माका. कोण येता, कितकी येतत, ता बघ म्हणता. मी सांगतंय. म्हणान तर माका रोज भायर पडूक गावता.”

“आणि तुका कित्याक येवचा होता?”

“माणूस कसो उचलूचो ता बघूक.”

म्हणजे माझा संशय खरा होता. तिला पाठवलंच होतं. आणि तरीही ती तिच्याच कामाला आली होती, मुलाची नजर चुकवून, माझीही चुकवून.

तिने मला आत घेतलं. खोलीत कापराचा आणि औषधी तेलाचा वास होता. काका खाट आणि भिंत यांच्या मधल्या जागेत जमिनीवर पडले होते. आडवे होते तरी केवढा मोठा माणूस ते कळत होतं. एका बाजूचा चेहरा उतरलेला, दुसऱ्या बाजूचा डोळा माझ्यावर रोखलेला.

“ही कोण?” शब्द जड यायचे, पण यायचे.

“मांगरातली वृंदा.”

“भायर घाल तिका. माका असो कोणी बघूचो नाय.”

काकी त्यांच्याजवळ बसली. तिने त्यांच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला आणि म्हणाली, “तुमी डोळे मिटा. मगे ती तुमका दिसूची नाय.”

मला वाटलं ते आणखी चिडतील. त्यांनी डोळे मिटले.

कुठे दुखतंय का ते आधी विचारलं, हातपाय हलवून बघितले. मग एक खुर्ची आणली, त्यांना बसतं केलं, आणि आम्ही दोघींनी मिळून, थांबत थांबत, त्यांना आधी खुर्चीवर आणि मग खाटेवर घेतलं. मी जिममध्ये त्यांच्याहून कितीतरी जड लोखंड उचललं आहे. पण बार कधी हातातून अंग काढून घेत नाही. बारला लाज वाटत नाही. बार मध्येच घाबरून तुमच्या गळ्याला मिठी मारत नाही. खाटेवर बसवल्यावर काकी पाणी आणायला गेली. मिटल्या डोळ्यांनी काका म्हणाले, “गेली काय ती?” मी पाऊल न वाजवता बाहेर पडले.

संध्याकाळी काकी मांगरात आली. पायरीवर बसली नाही. आत आली, चपला बाजूला काढल्या. “माका शिकव,” म्हणाली.

मला भीती वाटली. माझं शिक्षण धडधाकट माणसांचं. आजारी माणूस उचलताना चूक झाली तर खांदा निखळतो, उचलणाऱ्याची पाठ जाते. मी कुडाळच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना गाठलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. जिमवाली बाई, हिला पेशंट पळवायचे असतील असं वाटलं असावं. मी सगळं सांगितल्यावर मात्र त्यांनी दाखवलं. एका रविवारी आचऱ्याला येऊन काकांना तपासूनही गेल्या. जुन्या लुगड्याची रुंद घडी करून पेशंटच्या कंबरेला बांधायची आणि ती धरायची, हाताला ओढायचं नाही. लुळ्या पायाच्या गुडघ्याला आपला गुडघा टेकवून ठेवायचा म्हणजे तो मुडपत नाही. त्याला आधी पुढे झुकू द्यायचं, नाक पावलांच्या पुढे आलं की मगच उठवायचं. मी बघत होते आणि मला जाणवत होतं, हे तर मी रोज शिकवते तेच आहे. पाठ सरळ, वजन अंगाजवळ, जोर पायांचा. फक्त समोरच्या वजनालाही काही म्हणायचं असतं.

काकीला आधी पायांची ताकद हवी होती. तिने पाटावरून सुरुवात केली, मग कळशी, मग पोतं. करवंटीमागून करवंटी वाढत गेली. पण पोतं ताठ असतं, माणूस लोळतो. म्हणून मी नितीनची जुनी पँट आणि सदरा एकमेकांना शिवून त्यात वाळू आणि चिंध्या भरल्या. सैलसर, म्हणजे हात-पाय लोंबत राहतील. उचलायला गेलं की ते बुजगावणं कोणत्याही बाजूला कलंडायचं. सुनीताने ते पहिल्यांदा पाहिलं आणि दारातच थबकली.

“ह्या काय मडा हाडलंस गो?”

तो शब्द वाडीत पसरायला वेळ लागला नाही. मांगरात बायका दार ओढून मडं उचलतात. इंदूकाकी माणसांची वजनं विचारते. तांडेलाची खिडकी बंद असते. दोघी-तिघी यायच्या थांबल्या. माझ्या सासूबाईंनी विचारलं नाही, पण देवाजवळ एक दिवा जास्त लावला. आणि एका सकाळी मांगराच्या उंबऱ्यावर नारळ, लिंबू आणि कुंकू लावलेली फुलं ठेवलेली होती. आम्ही चार-पाच जणी पावसात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होतो. कोणी ठेवलं असेल? मी प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत होते आणि त्या माझ्या.

काकी मागून आली. तिने लिंबू पायाने बाजूला सारलं, नारळ उचलला, कानाजवळ नेऊन हलवला.

“पाणी आसा. नारळ बरो आसा. वाया कित्याक घालवचो?” आणि तो पदरात घेऊन ती आत गेली.

सुनीता हसली, मग सगळ्याच हसल्या, पण ते हसणं जरा कच्चंच होतं. त्या दिवशी काम संपल्यावर सुनीता घुटमळली. “माझी सासू दोन वर्सा खाटेर आसा,” म्हणाली. “मी आणि घोव तिका ओढतंव. ती रडता. माका पण दाखय.” तेव्हा मला कळलं की बंद खिडक्या एकाच घराला नव्हत्या.

दिनेशभावजी आले ते बंदी संपत आली तेव्हा. सोबत तो टेपवाला माणूस. आणि शुद्ध मराठी.

“वहिनी, मांगर मला दिवाळीच्या आधी रिकामा लागेल. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढायच्या आहेत. आणि दुसरी गोष्ट, तुम्ही आईला काय करायला लावता? या वयात? लोक काय काय बोलतायत. उद्या तिचं काही झालं तर जबाबदार कोण?”

मला राग यायला हवा होता. पण शेवटचं वाक्य बोलताना त्यांचा आवाज वेगळा लागला आणि माझी पंचाईत झाली. हा माणूस घर गिळायला आलाय की आईसाठी घाबरलाय? मला अजूनही नक्की सांगता येत नाही. बहुधा दोन्ही.

काकी मागच्या वाटेने आली होती. “ये,” ती मुलाला म्हणाली. “बघ.”

आम्ही तिच्या मागोमाग घरात गेलो. काका खाटेवर होते. काकीने लुगड्याची घडी त्यांच्या कंबरेला बांधली, त्यांची पावलं जमिनीवर नीट लावली, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवला. “नाक पुढे घेवा,” ती म्हणाली. ते झुकले. आणि ती बारीक चणीची बाई कंबर खाली घेऊन, पाठ ताठ ठेवून वर आली आणि तिच्याबरोबर तो आडदांड माणूस वर आला. उभा राहिला. ती दोन छोटी पावलं वळली आणि त्यांना खुर्चीत बसवलं. सगळं सावकाश, आवाज न करता.

दिनेशभावजी दारातच उभे होते. “माणूस खंय आसा?” त्यांनी विचारलं. शुद्ध मराठी गळून पडली होती.

“शिमग्यात गेलो.”

“आणि माका सांगलंस नाय?”

“सांगलंय असतंय तर तू काय केलं असतस?”

टेपवाला माणूस खळ्यात उगीचच आभाळ बघत होता.

“मांगर तुझो आसा,” काकी म्हणाली. “तू घे. खोलये काढ. पण ह्या घर तुझ्या बापाशीचा. हयची पडवी मी हिका दितंय.” आणि मग नवऱ्याकडे वळून, “दिवया मा?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे उघडे ठेवून पाहण्याची ती पहिलीच वेळ. त्या नजरेत उपकारबिपकार काही नव्हतं.

“दी,” ते म्हणाले. “माझ्या डोळ्यांसमोर रवांदेत दोघी. मांगरात काय करतत ता माका कळना नाय.”

असं माझं बस्तान पडवीत आलं. मांगराच्या जागी आता दोन खोल्या आहेत, त्यांना निळा रंग आहे, सीझनला तिथे पोहायचे ओले कपडे वाळत असतात. दिनेशभावजी आठवड्यातून एकदा येतात, वडिलांजवळ बसतात आणि जाताना मला विचारतात, किती जणी येतात हल्ली. का विचारतात ते मी विचारत नाही.

माझं काम वाढलं ते मात्र पडवीच्या बाहेर. सुनीताने सासूला रडू न देता उठवलं ही बातमी तिच्या टोपलीबरोबर फिरली. लोक मला घरी बोलवायला लागले. वालावलला एका निवृत्त मास्तरांना न्हाणीघरापर्यंत नेणारी त्यांची पत्नी, तिला शिकवलं. पार फोंडाघाटहून एक भाऊ-बहीण आले, आई आळीपाळीने दोघांकडे राहते म्हणून. गणपतीला मुंबईहून मुलगे येतात, चार दिवसांत शिकून जायचं असतं त्यांना. बुजगावण्याला उचलताना आधी हसतात, मग घाम येतो, मग त्यांच्यातला एखादा पडवीच्या टोकाला जाऊन जरा वेळ पाठ फिरवून उभा राहतो. प्रत्येक घरी मी आधी उचलणाऱ्याला तयार करते, काही आठवडे नुसते पाय आणि पाठ. लोकांना ते पटत नाही. उगीच फेऱ्या वाढवते, असं वाटतं त्यांना. वाटू दे.

मालवणच्या त्या जिमनेही आता ज्येष्ठांसाठी म्हणून पाटी लावली आहे. गेल्या महिन्यात एक अनोळखी पोरगी शिकायला म्हणून आली आणि फोन छातीशी उभा धरून बसली. मी बुजगावणं आत ठेवलं आणि त्या दिवशी सगळ्यांना नुसत्या कळश्या दिल्या.

पण त्या पावसाळ्याबद्दल लिहायला बसले आणि मला राहून राहून दिसते ती बंदी उठली ती सकाळ. झावळ्या निघाल्या होत्या. होड्या ढकलताना पुरुषांचा एका सुरातला आवाज वाडीपर्यंत येत होता. काका सकाळपासून अस्वस्थ होते. पडवीच्या टोकावरून माडांमधून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते, पण बसून दिसत नाही. उभं राहावं लागतं.

काकीने खुर्ची टोकापर्यंत सरकवली, घडी बांधली आणि त्यांना उभं केलं. मी मागे, हात पुढे करून, पण न लावता. समुद्र राखाडी होता. पहिलं इंजिन धडधडलं, मग दुसरं. काका एकटक बघत होते. त्यांचा चांगला हात काकीच्या खांद्यात रुतला होता, इतका की तिचा पदर ताणला गेला होता.

“सोडशीत,” ते म्हणाले.

“सोडूचंय नाय.”

“तुझो भरवसो नाय माका.”

“नसांदे,” काकी म्हणाली. “तुमी पाय रोवा.”

त्यांनी पाय रोवला.